जुनं फ्रेंच जाहिरात-पोस्टर घेताना आधी कागद पाहा, मग नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॅरिसच्या एका विक्रेत्याकडे जाहिरात-चित्रकार लिओनेत्तो कापिएल्लोचं, 'मोरँ किना' या मद्याच्या जाहिरातीचं १९०६ सालचं पोस्टर आहे. काळ्या पार्श्वभूमीवर बाटली उघडणारा हिरवा सैतान, साधारण १६० बाय १२० सेंटिमीटर, कापडावर चिकटवलेलं. ते अस्सल आहे हे कसं ओळखायचं? कापडामुळे किंमत उतरते का? मुंबईच्या हवेत ते टिकेल का? आणि मुळात मद्याच्या जाहिरातीला कलाकृती मानून एवढे पैसे का मोजायचे?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण अस्सल-नक्कल ठरवण्याच्या खुणा त्याच्याच उत्तरात आहेत.

आज आपण ज्याला पोस्टर म्हणतो ती बहुतेक वेळा एखाद्या चित्राची छापील प्रत असते. त्या काळचं फ्रेंच पोस्टर तसं नव्हतं, ते शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं (लिथोग्राफी) होतं. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतला चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटं चित्र काढायचं, मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते दगडाला लावायचं. यानंतर दगडाचा कोरा भाग पाणी धरून ठेवतो आणि तेलकट भाग शाई धरतो. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि दर वेळी कागद नेमका त्याच जागी बसवायचा. म्हणजे सगळे दगड एका कागदावर एकत्र येईपर्यंत ते चित्र पूर्ण रूपात कुठेच नसतं. छापलेला कागद हीच मूळ कृती असते.

हे तंत्र आपल्याला नवं नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे मळवलीला गेलेला छापखाना याच पद्धतीचा होता, तोही जर्मन कारागिरांच्या मदतीने. फरक हाताळणीत आहे. रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांत अंगाची गोलाई बारीक ठिपक्यांनी, कितीतरी दगड एकावर एक छापून आणलेली असते, कारण ते चित्र घरात जवळून पाहायचं असतं. पॅरिसचं पोस्टर रस्त्याच्या पलीकडून, चालता चालता दिसायचं. तिथे तीन ते पाच दगडांत, सपाट रंग आणि ठसठशीत बाह्यरेषेवर काम भागवलं जाई. ही काटकसर पुढे कलेची भाषाच झाली.

तिचा पाया ज्यूल शेरे (१८३६–१९३२) याने घातला. लंडनमध्ये काम करून परतल्यावर १८६६ मध्ये त्याने अत्तरांचा व्यापारी रिमेल याच्या मदतीने पॅरिसमध्ये स्वतःचा छापखाना काढला. त्याची सुरुवातीची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. एका दगडावर काळं रेखाटन, दुसऱ्यावर लाल. तिसरा दगड पार्श्वभूमीचा, आणि त्यावर वरच्या बाजूला निळी-हिरवी थंड छटा, खालच्या बाजूला पिवळी-नारिंगी उबदार छटा एकाच वेळी शाईने चढवायची, मधे दोन्ही एकमेकांत विरघळू द्यायच्या. तीन दगडांत इतके रंग मिळतात. शिवाय ब्रशने दगडावर शाईचे शिंतोडे उडवून तो छटा आणायचा. शेरेच्या नाचणाऱ्या बाईचा झगा जवळून पाहिला की हे शिंतोडे साध्या डोळ्यांनी दिसतात. काही मोहरीएवढे, काही टाचणीच्या टोकाएवढे, कुठे दाट, कुठे तुरळक. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२९ जुलै १८८१ च्या कायद्याने मनाई नसलेल्या कुठल्याही भिंतीवर पोस्टर लावायची मोकळीक दिली आणि पॅरिस पोस्टरांनी भरून गेलं. शेरेला १८९० मध्ये 'लेजियों दोनर' हा सरकारी सन्मान मिळाला. एदमों सागोसारखे चित्रविक्रेते पोस्टरं रीतसर संग्राहकांना विकू लागले. १८९१ मध्ये चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं 'मुलँ रूज' या नृत्यगृहाचं पोस्टर आलं. १८९५ च्या पहिल्या दिवशी सारा बर्नहार्टच्या 'जिस्मोंदा' नाटकाचं आल्फोन्स मुखाचं उंच पोस्टर भिंतींवर लागलं. थोडक्यात, पोस्टर ही कला आहे का हा वाद पॅरिसमध्ये तेव्हाच मिटला होता, 'कला' हे बिरुद आज मागाहून चढवलेलं नाही.

एक फरक मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. शेरे, लोत्रेक, स्टाइनलेन हे चित्रकार स्वतः दगडावर काढणारे. कापिएल्लो आणि त्याच्या पुढच्या पिढीतला कासांद्र हे रंगीत मूळ आराखडा करून देत, आणि छापखान्यातले निष्णात कारागीर तो दगडावर किंवा पुढच्या काळात जस्ताच्या पत्र्यावर रंगानुसार उतरवत. माझ्या मते यामुळे कापिएल्लो कमी ठरत नाही. त्याची करामत कल्पनेत आहे. १९०३ च्या 'चॉकलेट क्लाउस'मध्ये हिरव्या कपड्यांतली बाई लाल घोड्यावर बसली आहे. चॉकलेटशी घोड्याचा काही संबंध नाही, पण लोक दुकानात जाऊन घोडेवालं चॉकलेट मागू लागले. वस्तूचं वर्णन न करता तिला एक न विसरता येणारी आकृती जोडायची, ही आधुनिक जाहिरातीची वाट तिथून सुरू होते. तरीही दोन चित्रकारांची तुलना करताना 'दगडावर हात कोणाचा' हा प्रश्न विचारावा. लोत्रेकच्या किमतीत त्याच्या हाताच्या रेषेचा वाटा असतो. कापिएल्लोच्या बाबतीत चित्राची ताकद, छपाईचा दर्जा आणि प्रतीची अवस्था एवढंच मोजायचं.

आता अस्सलपणा. या क्षेत्रात अस्सल म्हणजे त्या काळी, त्या जाहिरातीसाठी, भिंतीवर लावायला छापलेली प्रत. क्रमांक आणि पेन्सिलीची सही शोधू नका. चित्रकाराची सही दगडावरच असते आणि चित्राबरोबर छापली जाते. लोत्रेकच्या काही पोस्टरांच्या संग्राहकांसाठी वेगळ्या मर्यादित प्रती निघाल्या, तो अपवाद. कापिएल्लोच्या पोस्टरावर कोणी पेन्सिलीची सही दाखवून जादा पैसे मागत असेल तर सावध व्हा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, तीसपट असेल तर उत्तम. पहिल्यांदा चित्र पाहू नका, अक्षरं पाहा. शिळाछापात काळं अक्षर म्हणजे एकसंध काळी शाई, कड स्वच्छ किंवा किंचित खरबरीत. ऑफसेट, म्हणजे आजच्या यांत्रिक छपाईच्या नकलेत रंगाचे भाग निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या नियमित फुलांनी बनलेले दिसतात, आणि अक्षराच्या कडेलाही ते ठिपके बरेचदा सापडतात. इंकजेट नकलेत ठिपक्यांची रचना नियमित नसते, त्यामुळे नवख्या माणसाला ती शेरेच्या शिंतोड्यांसारखी वाटू शकते. पण शिंतोडे लहान-मोठे असतात, प्रत्येक थेंब एकाच रंगाचा आणि स्वतंत्र असतो. इंकजेटचे कण सगळे सारखे, अतिसूक्ष्म असतात आणि सपाट दिसणाऱ्या रंगातही अनेक रंगांची धूळ मिसळलेली दिसते. खडूने काढलेल्या भागात दगडाचा दाणा दिसायला हवा, म्हणजे अनियमित कणीदार पोत. दोन रंग जिथे भेटतात तिथे एखादा मिलिमीटर एक रंग दुसऱ्यावर चढलेला किंवा मधे कागदाची बारीक फट राहिलेली असते. ही चूक धरू नका, दगड हाताने जुळवल्याची ती खूण आहे.

ठिपके दिसले की नक्कलच, असा नियम मात्र सरसकट लावू नका. १९५० नंतर पोस्टरांत ऑफसेट वाढत गेलं आणि तेव्हाच्या पुष्कळ पोस्टरांची ती मूळचीच छपाई आहे. त्याआधीही फोटो वापरलेल्या पोस्टरांत ठिपक्यांची जाळी सापडते. १९०६ च्या हाताने रेखलेल्या पोस्टरात मात्र तिला जागा नाही.

याहून कठीण प्रकार म्हणजे नंतरच्या काळात कारागिरांनी पुन्हा हाताने उतरवून खरोखर लिथो पद्धतीने छापलेल्या प्रती. भिंगाच्या परीक्षेत त्या पास होतात. तिथे कागद, माप आणि तळाचा मजकूर हे तीन साक्षीदार लागतात.

कागदासाठी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा घ्या. साधारण १९५० पासून कागदाला उजळपणा देणारी रसायनं वापरली जाऊ लागली, ती अतिनील उजेडात निळसर-पांढरी चमकतात. १९०६ चा कागद असा चमकत नाही, तो मळकट पिवळसर-तपकिरी राहतो. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या समासावर दिवा धरा. एक काळजी घ्यायची: मागचं कापड नवं असेल तर ते हमखास चमकेल, त्यावरून पोस्टरबद्दल निष्कर्ष काढू नका. चमक कागदाच्या समासात आहे की त्याबाहेरच्या कापडात, हे नीट वेगळं करून पाहा. याच दिव्याखाली पोस्टरच्या आत एखादा ठिगळासारखा भाग वेगळा चमकला तर तिथे नंतरचा कागद भरला आहे.

मापात एक-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो, कारण समास छाटले जातात आणि कागद ओला-सुका होताना हलतो. पण ५० बाय ७० किंवा ६० बाय ९० सेंटिमीटर ही आजच्या फ्रेमची मापं आहेत. १२० बाय १६० चं पोस्टर त्या मापात मिळत असेल तर चौकशी तिथेच संपली. तरी काही पोस्टरं मूळचीच दोन मापांत निघाली. स्टाइनलेनचं १८९६ चं 'शा न्वार', म्हणजे काळं मांजर, मोठ्या मापातही आहे आणि साधारण ६० बाय ४० मध्येही, दोन्ही अस्सल. मोठी पोस्टरं अनेक तुकड्यांत छापली जात, आणि याचं कारण दगडाच्या वजनात आहे. ८० बाय १२० सेंटिमीटरचा, आठ सेंटिमीटर जाडीचा दगड साधारण दोनशे किलोचा भरतो. लोत्रेकचं 'मुलँ रूज' तीन कागदांत आहे आणि वरची मजकुराची पट्टी अनेक प्रतींत नसते. ती आहे की नाही, यावर किंमत पुष्कळ हलते.

तळाच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव-पत्ता असतो. कापिएल्लोच्या १९०६ च्या कामावर पॅरिसचा व्हेरकासों हा छापखाना हवा. पहिल्या महायुद्धानंतरच्या कामांवर द्वांबेचं नाव येतं. शेरेच्या १८८१ नंतरच्या पोस्टरांवर शे छापखाना आणि बऱ्याचदा २०, र्यू बेर्झेर हा पत्ता दिसतो. ही ओळ पुसट, तुटकी किंवा गायब असेल तर का, ते विचारा. कासांद्रच्या १९३५ च्या 'नॉर्मांदी' जहाजाच्या पोस्टरात चित्र तेच, पण खालचा मजकूर वेगवेगळा अशा अनेक छपाया आहेत, सगळ्या त्या काळच्या, पण भाव सगळ्यांचा एक नाही. तुम्ही कुठली घेताय ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.

'मोरँ किना' हे सर्वाधिक नकला निघालेल्या पोस्टरांपैकी एक. कापिएल्लो १९४२ मध्ये वारला, कॉपीराइटची मुदत संपली, आणि आता कोणीही उघडपणे त्याच्या प्रती छापून विकू शकतो. प्रती विकण्यात गैर काही नाही, गैर तेव्हा होतं जेव्हा ती कापडावर चिकटवून जुनी म्हणून विकली जाते. कापड हा पुरावा नव्हे, हे पक्कं ध्यानात असू द्या.

या पोस्टरची खरी परीक्षा काळ्या पार्श्वभूमीवर होते. त्या काळची पोस्टरं घडी घालून ठेवत आणि पाठवत, म्हणून घड्या असणं स्वाभाविक आहे. काळी शाई घडीवर तडकते आणि खालचा कागद पांढऱ्या रेघेसारखा उघडा पडतो. दुरुस्ती करणारा तिथे रंग भरतो. चांगला कारागीर जलरंगाने किंवा रंगीत पेन्सिलीने फक्त त्या रेघेपुरता भरतो. कामचुकार माणूस दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर काळा रंग फवारून टाकतो, म्हणजे मूळ शाईच झाकली जाते. विक्रेत्याला तिरप्या उजेडातला फोटो मागा: खोलीतले दिवे बंद, एकच दिवा बाजूने जवळजवळ पोस्टरच्या पातळीत धरलेला. मूळ छपाईची काळी शाई एक सारखी चमकते, नंतर भरलेला रंग मातकट किंवा जास्त चकचकीत पट्ट्यासारखा वेगळा उठून दिसतो. काळ्या भागात असे पट्टे सहन करता येतात. सैतानाच्या चेहऱ्यावर, हातावर किंवा बाटलीवर असतील तर किंमत निम्म्याच्या खाली बोलायला हरकत नाही.

रंग उडणं हा दुरुस्त न होणारा दोष आहे. लाल आणि गुलाबी शाया सर्वांत आधी जातात. शेरेच्या पोस्टरात गाल आणि ओठ पिवळट दिसले तर लाल दगडाचं काम उन्हाने खाल्लं आहे. समासाला लागून फ्रेमखाली झाकलेली पट्टी असेल तर तिथला रंग आणि आतला रंग ताडून पाहा. बाजारात अवस्थेला ए, बी, सी अशा श्रेणी देतात. ए म्हणजे रंग ताजे आणि नुकसान नगण्य, बी म्हणजे किरकोळ दुरुस्त्या आहेत पण चित्राला बाधा नाही, सी म्हणजे दिसण्याजोगं नुकसान. श्रेणी विक्रेताच देतो, म्हणून ती सुरुवात समजा. जाहिरातीत 'ओरिजिनाल देपॉक' लिहिलं असेल तर त्या काळची मूळ छपाई, 'रेएदिस्यों' असेल तर पुनर्मुद्रण, आणि चित्रकाराच्या नावाआधी 'दाप्रे' असेल तर त्याच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेलं. पावतीवर पहिले शब्द, साल, छापखाना आणि 'लिथोग्राफी' एवढं स्पष्ट लिहून घ्या.

आता कापड. मोठ्या पोस्टरांच्या बाजारात कापडावर चिकटवणं ही रूढ पद्धत आहे, त्याने किंमत उतरत नाही. पोस्टरचा कागद स्वस्त, पातळ, लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त. १६० सेंटिमीटरचा असा घडीचा कागद आधाराशिवाय हाताळताच येत नाही. काम नीट झालं आहे का, एवढाच प्रश्न असतो, आणि तो विचारण्यासाठी नीट काम कसं होतं ते माहीत हवं.

आधी प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यावर ओल्या टिपकागदाने शाई सुटते का ते तपासतात. छापील शाई तेलाची असल्याने सहसा सुटत नाही, पण करतिकिटावरचा रबरी शिक्का किंवा हाताने लिहिलेली तारीख पसरते. हो, जुन्या फ्रेंच पोस्टरांवर करतिकीट चिकटवलेलं सापडतं. ते दोष नाही, काढायला सांगू नका. मग पोस्टर शुद्ध पाण्यात धुतात, आम्ल घालवण्यासाठी पाण्यात थोडं कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. पिवळा मळ पाण्यात उतरताना स्पष्ट दिसतो. दुसरीकडे कांजी धुतलेलं सुती कॅनव्हास चौकटीवर किंवा फळ्यावर ताणून, त्यावर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने आम्लरहित किंवा जपानी कागदाचा थर बसवतात. खळीसाठी एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धा तास, गार करून गाळायची आणि मग सायीएवढी पातळ करायची. ओलं पोस्टर प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर पालथं ठेवून पाठीला खळी लावतात, पत्र्यासकट उचलून जागेवर ठेवतात, मऊ ब्रशने मधून कडांकडे हवा काढतात. ओला कागद रुंदीला सेंटिमीटरभर वाढू शकतो. पुरता भिजून वाढण्याआधीच चिकटवला तर तो खळीच्या ओलाव्याने नंतर फुगतो आणि सुरकुत्या कायमच्या बसतात. ताणलेल्या अवस्थेत सावकाश, तीन दिवस ते आठवडा, सुकू द्यायचं. मग झिजलेल्या जागा भरायच्या आणि कडेने तीन ते पाच सेंटिमीटर कापड ठेवून कापायचं.

घोटाळे होतात ते असे. घाईत क्लोरीनच्या ब्लीचने पांढरंफेक केलेला कागद काही वर्षांत ठिसूळ होतो आणि पुन्हा पिवळा पडतो. समास पांढराशुभ्र आणि कागद १९०६ चा, असं दिसलं तर हेच विचारा. खळीऐवजी कृत्रिम गोंद किंवा इस्त्रीने चिकटणारी फिल्म वापरली असेल तर पोस्टर पुन्हा सोडवता येत नाही. स्टार्चची खळी पाण्याने सुटते, म्हणूनच तिचा आग्रह. हार्डबोर्डवर चिकटवलेलं पोस्टर तर शक्यतो टाळाच. फाटके समास सरळ करायला छाटून टाकणं हाही नेहमीचा गुन्हा आहे. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: चिकटवण्यासाठी काय वापरलं, कधी केलं, आणि कापडावर घेण्याआधीचे फोटो आहेत का. मागच्या बाजूचा फोटोही मागा. मागून घड्यांच्या रेघा जाणवतात आणि कापड सैल पडलं असेल तर तेही कळतं.

मुंबईत या कापडाला आणखी एक बाजू आहे. सूत, स्टार्च आणि कागद हे कसरीचं आणि बुरशीचं अन्न आहे. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ ते ७० च्या वर हवा साचून राहिली की बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात मुंबईत ८०-९० टक्के ही रोजची गोष्ट. त्याहून वाईट म्हणजे रात्री एसी, दिवसा खिडक्या उघड्या. कापड ताणतं, सैल पडतं, आणि घडीवरची शाई पुन्हा तडकते. त्यामुळे खोलीत आर्द्रता काढणारं यंत्र लावून पावसाळाभर आकडा साठच्या आत स्थिर ठेवणं, अधूनमधून एसी लावण्यापेक्षा चांगलं. साधा आर्द्रतामापक फ्रेमच्या मागे लावा, टेबलावर नको. भिंतीलगतची हवा खोलीपेक्षा दमट असते. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि ओल आलेली कुठलीही भिंत बाद समजा.

फ्रेम बांधण्याचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. मागून बंद केलेली फ्रेम बाहेरची दमट हवा आत यायला वेळ लावते, म्हणून ती चांगली. पण जुलैत बंद केली तर जुलैची ओल आत कोंडली जाते, आणि आतल्या बाजूने बुरशी येते. समोर अतिनील रोखणारं ॲक्रिलिक घ्या. १२० बाय १६० मापात चार मिलिमीटर काच साधारण १९ किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक ९ किलो. पोस्टर ॲक्रिलिकला टेकता कामा नये, मधे निदान सहा मिलिमीटरची पट्टी हवी, नाहीतर दमटपणात शाई त्याला चिकटते. कापडाची जास्तीची कड आतल्या लाकडी चौकटीवर पिन मारून ताणायची. पिन कापडातूनच जावी, कागदातून कधीही नाही. पाठीला आम्लरहित बोर्ड लावावा; प्लायवुड किंवा एमडीएफ थेट लावू नये. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे ठोकळे लावून भिंतीपासून दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा. स्थानिक फ्रेमवाल्याला हे सगळं कागदावर लिहून द्या, नाहीतर सवयीने तो पोस्टर बोर्डवर फेविकॉलने चिकटवून देईल. दुरुस्तीची गरज असेल तर कागद-संवर्धकाकडेच जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात आधी चौकशी करावी.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. जुन्या छापील कागदासाठी ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) हा संग्रहालयांचा मापदंड. रोज आठ तास धरले तर वर्षाचे १,४६,००० लक्स-तास होतात. खिडकीजवळ हजार लक्स उजेड पडत असेल तर एवढाच मारा अठरा दिवसांत पुरा होतो. अतिनील रोखलं तरी दृश्य उजेडाने रंग उडतातच, फक्त हळू. खिडकीसमोरची भिंत नको, आणि वर्षातून काही महिने पोस्टर उतरवून अंधारात ठेवता आलं तर उत्तमच.

पहिलीच खरेदी असेल तर माझा सल्ला थोडा वेगळा आहे. १६० सेंटिमीटरच्या पोस्टरपासून सुरुवात करण्याऐवजी 'मेत्र द लाफिश' या मालिकेची दोन-तीन पानं आधी घ्या. १८९५ ते १९०० या काळात शे छापखान्याने गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्या, साधारण ४० बाय २९ सेंटिमीटर, वर्गणीदारांसाठी दरमहा चार अशा काढल्या. एकूण २५६. छपाई अव्वल दर्जाची, रंगीत शिळाछाप, आणि कागद भिंतीवरच्या पोस्टरांपेक्षा चांगला. खाली उजव्या कोपऱ्यात शाईविना दाबून उठवलेला शिक्का असतो, तिरप्या उजेडात बोट फिरवून तपासा. कोपऱ्यात पानाचा क्रमांकही असतो. आधुनिक पुस्तकांतून कापलेली पानं याच नावाने विकली जातात, पण त्यांना उठाव नसतो आणि भिंगाखाली ठिपके लगेच दिसतात. ही छोटी पानं फ्रेममध्ये सहज बसतात, कापडाची गरज नसते, आणि भिंगाला खरा शिळाछाप कसा दिसतो याची सवय होते. त्यानंतर सैतानाकडे वळलात तर विक्रेत्याशी बोलणी तुमच्या बाजूने होतील.

घ्यायचं ठरलंच तर पोस्टर निदान १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळून, ती नळी दुसऱ्या जाड नळीत घालून मागवा. अरुंद नळीत कापडावरचा कागद आडव्या रेघांनी तडकतो. घरी आल्यावर नळी एक दिवस न उघडता खोलीत ठेवा, म्हणजे विमानातल्या थंडीने आत दव धरणार नाही. मग कोरड्या स्वच्छ हातांनी, मोठ्या टेबलावर, दोघांनी मिळून हळूहळू उलगडा आणि कडेच्या कापडावर वजनं ठेवा. त्याच दिवशी भिंग, अतिनील दिवा आणि तिरपा उजेड या तिन्हींत सगळ्या भागांचे फोटो काढून विक्रेत्याच्या वर्णनाशी ताडा. काही जुळलं नाही तर परतीची मुदत संपायच्या आत लेखी कळवा.